बाळंतिणीला पाणी

सौ. रंगुबाईस दौंडच्या दवाखान्यातून आशीर्वाद.

आपली सून वाचली. हे आधी ऐक, बाकीचं मग वाचून घे. नातूही चांगला आहे.

बाळंतपणात चांगुणाचं रक्त फार गेलं. इथं आणली तेव्हा अंग गार पडलं होतं, नाडी सापडत नव्हती. नर्स ग्लॅडिसबाई मिठाच्या पाण्याची बाटली टांगून शिरेत सुई घालू लागल्या. मी आडवा आलो. "बाई, बाळंतिणीला आमच्यात पाण्याचा थेंब देत न्हाईत!"

"आबा, तिच्या अंगात थेंबच उरला न्हाई. सरका बाजूला."

मग आपल्या सोपानचं रक्त जुळलं, ते चढवलं. तो धडधाकट आहे, काळजी करू नकोस. दुपारी तिनं डोळे उघडले आणि पाणीच मागितलं. मी माझ्या हातानं पाजलं.

तिच्या अंगात थोडा ताप आहे. उतरेल म्हणतात. शेळी व्याली का?

घरी आल्यावर ती मागेल तेवढं पाणी प्यायची. सुईणीला सांग, भावकीला सांग. कुणी नाक मुरडलं तर माझ्यासमोर उभं करायचं. तूही अडवू नकोस. तुझ्या वेळी तुला किती तहान लागली असेल, कधी बोलली नाहीस.

मोठा माठ घासून भरून ठेव.

गेनबा