पाकिटातला कापूस

बाबा, तुम्हाला पत्र लिहायची सवय मोडून कितीतरी वर्षं झाली. तुम्ही असताना दर पंधरवड्याला लिहायचो, तेही आळस करत. मी अकोल्याला शेतकीच्या कॉलेजात, तुम्ही कळंबच्या कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर. गाडीतला कापूस चिमटीत धरून ओढायचा, धागा किती लांब निघतो ते पाहायचं आणि प्रत सांगायची, हे तुमचं काम. पण कापसाचे दिवस फिरले होते. आधीच भाव नाही, त्यात तुम्ही हलका म्हटलं की गाडीवाल्याचं तोंड उतरायचं. त्या दिवशी तुम्ही नीट जेवत नाही, हे आई लिहायची. तुम्ही कधी लिहिलं नाही.

त्या हंगामात माझ्या खोलीतल्या मित्राच्या वडिलांची गाडी बाभुळगावकडून आली आणि तुम्ही ती हलक्या प्रतीत घातली. मित्र माझ्याशी बोलेना. मी तावातावाने तुम्हाला लिहिलं, खुर्चीवर बसून लोकांची मेहनत हलकी ठरवायला लाज कशी वाटत नाही? आठ दिवसांनी पाकीट आलं. आत त्याच गाडीतला चिमूटभर कापूस आणि तुम्ही बोलायचात तशाच लिहिलेल्या दोन ओळी: "तू शिकून राह्यला, तूच ओढून पाह. मी चुकलो असन त सांग."

मी खिडकीपाशी उभा राहून ओढतो. धागा आखूड निघतो, लगेच तुटतो. पुन्हा ओढतो, पुन्हा तेच. मित्र कॉटवरून बघतो आहे. मी त्याच्यादेखत कार्ड लिहितो: कापूस चांगला आहे, तुम्ही चुकलात.

उन्हाळ्यात घरी आलो तर आई चुलीपाशी हळूच म्हणाली, "तुह्या बाबानं ते काम सोडलं. साहेबाले सांगतलं, बोटाले आता समजत नाही म्हनून. फाटकावर गाड्या आत सोडते आता." मग तुम्ही जेवायला बसलात. माझ्याकडे पाहून म्हणालात, "तुमाले कॉलेजात बराबर शिकवते रे. मले वाटे मलेच समजते. किती लोकायच्या गाड्या खराब केल्या असतीन म्या, देव जाने." मी खाली मान घालून भाकरी मोडत राहिलो.

तुमची बोटं बरोबर होती, बाबा. कापूस हलकाच होता. त्यानंतर तुम्ही नऊ वर्षं जगलात आणि एवढं एक वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. हा कागदही कुठे जायचा नाही. त्या दिवशी जेवताना घाबरून गप्प बसलो, असं मी बायकोला सांगत आलो. पण तुम्ही पहिल्यांदाच माझं कौतुक केलं होतं, आणि मला ते आवडलं होतं.