फ्लॉरेन्सच्या बारमध्ये आईची चौकशी

आई,

तुला जाऊन नऊ वर्षं झाली आणि मी इथे परदेशात, क्लेटन उपनगरातल्या आमच्या घरात, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून हे लिहितेय. सप्टेंबरच्या सुट्टीत आम्ही इटलीला, फ्लॉरेन्सला जाऊन आलो. आम्ही म्हणजे मी आणि ती. तू तिला शेवटपर्यंत 'तुझी ती रूममेट' म्हणायचीस. ती अजून शाळेत पीटी शिकवते, त्यामुळे आमच्या रजा तिच्या शाळेप्रमाणे ठरतात. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्येच आहे. मी लेस्बियन आहे हे वाक्य मी तुझ्यासमोर कधी बोलले नाही. आत्ता लिहिलं. वाटलं होतं हात अडेल, पण काही झालं नाही.

फ्लॉरेन्स तिने निवडलं. तिथे एक बाई आमच्यासारख्या प्रवाशांना जुन्या शहरातून पायी फिरवते आणि संध्याकाळी कुठल्या बारमध्ये जावं तेही सांगते, असं तिला नेटवर सापडलं होतं. आम्ही आठ जण होतो. दगडी गल्ल्या, नदी, पुतळे, सगळं बघत चाललो होतो. एका भिंतीपाशी थांबून ती बाई म्हणाली की पूर्वी या शहरात लोक पेट्यांमध्ये निनावी चिठ्ठ्या टाकत, अमका पुरुष तमक्या पुरुषाबरोबर असतो म्हणून, आणि मग चौकशी होई. बाकीच्यांनी माना हलवल्या. मला साताऱ्याचं तुझं एसटीचं ऑफिस आठवलं. मी दहावीत आहे, शाळा सुटल्यावर तुझ्याकडे येऊन बसलेय, आणि माझ्या भूगोलाच्या वहीतून एक कागद तुझ्या टेबलावर पडतो. वर्गातल्या एका मुलीला मी लिहिलेलं पत्र. तू ते पूर्ण वाचतेस. मग पेन्सिल घेऊन त्यातल्या दोन वेलांट्या दुरुस्त करतेस, कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवतेस. "मैत्रिणीला असं लिहीत नाहीत," एवढंच म्हणतेस आणि पुन्हा टाइप करायला लागतेस. तुझं काम संपेपर्यंत मी बाकावर बसून होते. ते पत्र तू फाडलंस की ठेवलंस, मी कधी विचारलं नाही.

फिरून हॉटेलवर आलो तर रिसेप्शनवरच्या माणसाने दोन वेगवेगळ्या पलंगांची खोली दिली. बुकिंग एकाच मोठ्या पलंगाचं होतं. मी सवयीने 'नो वरीज' म्हणून किल्ली घेतली. वर गेल्यावर ती बॅग न उघडता खुर्चीत बसून राहिली. काय झालं ते मला विचारावं लागलं नाही. तू सहा आठवडे आमच्याकडे राहायला आली होतीस तेव्हा आम्ही तुझ्यासाठी म्हणून नाही, तुला दाखवण्यासाठी म्हणून एक जास्तीचा पलंग आणला होता. तिसऱ्या आठवड्यात पोळ्या लाटता लाटता तू म्हणालीस, "तिच्या गादीवरची चादर कधी चुरगळत नाही." मी भाजी ढवळत होते, ढवळत राहिले. मग तू खालच्या आवाजात म्हणालीस की मी आहे तोवर तरी वेगळ्या झोपा. त्या दिवसापासून ती त्या पलंगावर झोपली. आणि तू निघालीस तेव्हा एअरपोर्टवर स्वतःच्या अंगावरची शाल काढून तिच्या खांद्यावर घातलीस, माझ्याकडे न बघता. रागावली होतीस की नाही हे मला कळलं नाही.

हॉटेलच्या खुर्चीतून ती म्हणाली, "तुझी आई अजून आपल्या मधे झोपते."

चिडून नाही म्हणाली. चिडली असती तर मला उत्तर देता आलं असतं. मी खाली जाऊन खोली बदलून मागितली. त्या माणसाने चूक झाली म्हणत दहा मिनिटांत बदलून दिली. एवढंच करायचं होतं.

संध्याकाळी आम्ही त्या बाईने सांगितलेल्या बारमध्ये गेलो. एका चर्चच्या मागची गल्ली, अरुंद दार, आत बहुतेक बायकाच. बार चालवणाऱ्या दोघी साठीच्या पुढच्या. एक पेले भरते, दुसरी गाणी लावते, मधूनच एकमेकींवर खेकसतात. पेले भरणारीने मोडक्या इंग्रजीत आमची विचारपूस केली. कुठल्या, किती वर्षं एकत्र. मग मला म्हणाली की तिची आई चौदा वर्षं तिच्याशी बोलली नाही आणि मग एका रविवारी दोघींना जेवायला बोलावलं. "तुझी आई?" तिने विचारलं. मी म्हणाले, आई पुण्याला असते, पुढच्या वर्षी मी तिला इथे घेऊन येणार आहे. पुण्याला तू एक दिवसही राहिली नाहीस. पेले भरणारी इतकी खूश झाली की तिने आम्हाला एकेक पेला तिच्यातर्फे दिला. माझी ती शेजारीच सगळं ऐकत होती. तिने माझा हात धरून नाचायला नेलं. मी नाचले. आजूबाजूच्या बायका हसत होत्या, एक तर रडत होती. माझा गुडघा दुखत होता, बाकी विशेष काही वाटलं नाही. हल्ली असंच असतं. तू गेलीस तेव्हाही असंच होतं.

परत आल्यावर एका शनिवारी आरवोला, म्हणजे इथल्या बोलीत दुपारी, आम्ही लग्न केलं. पार्कमध्ये, बारा माणसं. फॉर्मवर आईचं नाव लिहायची जागा होती, तिथे तुझं पूर्ण नाव लिहिलं. दादाला फोटो पाठवला. त्याने अंगठा पाठवला.

हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून लिहिते. तू गेल्याचा दादाचा फोन आला तेव्हा माझ्याबरोबर तिनेही बॅग भरायला घेतली होती. व्हिसा दोन दिवसांत होईल, तेराव्यापर्यंत तरी पोचते, म्हणत होती. मी म्हणाले, नको, तू येऊ नयेस असं आईने सांगून ठेवलंय. तिने निमूटपणे कपडे परत कपाटात लावले. तू तसं कधीच म्हणाली नव्हतीस. ते वाक्य माझं होतं. तिला अजून सांगितलेलं नाही.