आयडाचं 'हाय'

४ जानेवारी, रविवार
आजपासून प्रोग्रॅमिंग. वय सत्तेचाळीस, पण मेंदूला वय नसतं, असं एका व्हिडिओत ऐकलं. नऊशे पानांचं पुस्तक आलं. प्रस्तावना वाचली. लेखकाने शेवटी बायकोचे आभार मानलेत. मीही माझ्या सॉफ्टवेअरमध्ये स्वातीचे मानणार. तिला तसं सांगितलं, तर म्हणाली, आधी गिझर बघ.

७ जानेवारी
पहिलं प्रकरण उघडण्याआधी वातावरणनिर्मिती हवी. एडिटर काळा केला, अक्षरं हिरवी. फॉन्ट ठरत नाहीये. घाईत फॉन्ट निवडणारे पुढे पस्तावतात. डोळे दुखतायत. लवकर झोपतो.

११ जानेवारी, रविवार सकाळ
प्रोजेक्ट सापडला, तोही घरातच. स्वाती दर रविवारी उत्तनच्या कोळीवाड्यातल्या आयडाला फोन लावते. आयडाचा नवरा मायकेल बोटीवर जातो आणि आयडा टोपली घेऊन आमच्या इंद्रलोक वसाहतीत येते. पण फोनवर आधी आयडाचे गुडघे, मग तिच्या ट्रिशाची परीक्षा, मग आमचा गिझर, आणि सगळ्यात शेवटी मासळी. किती वेळ वाया जातो. मी व्हॉट्सॲपवर बॉट बनवणार. तो विचारेल, ती उत्तर देईल, ऑर्डर पक्की.
स्वातीचं म्हणणं, फोन केला की मासे येतात, मग अडलंय कुठे? युजरला स्वतःची अडचण कधीच कळत नसते. प्रस्तावनेत आहे हे.

१४ जानेवारी, संक्रांत
कोड लिहून झाला. म्हणजे एआयने लिहिला, मी मान डोलावली. हल्ली असंच करतात. पुस्तकाचा सारांशही त्याच्याकडूनच घेतला. सारांश फार लांब होता, म्हणून त्याचा सारांश मागवला. नऊशे पानं वाचून झाली. पुस्तक आता मॉनिटरखाली ठेवलंय. उंची अगदी बरोबर आलीये.

१८ जानेवारी
दिव्याचं केळवण आमच्याकडे ठरलं, ८ फेब्रुवारीला. दिव्या म्हणजे सुलूताईची मुलगी, माझी भाची. कॉलेजची सगळी वर्षं आमच्याकडेच होती. लग्न फेब्रुवारीअखेरीस. सासर कडक शाकाहारी; अंडंसुद्धा उंबऱ्याबाहेर. तेव्हा मामीच्या हातचं भरलेलं पापलेट हे शेवटचं. 'शेवटचं' म्हणताना स्वातीचे डोळे भरले. मलाही भरून आलं.
म्हणून लगेच जाहीर करून टाकलं, पापलेट बॉट मागवणार. स्वाती म्हणाली, मी आपली फोन करून ठेवते. सक्त मनाई केली. दोन ऑर्डरी गेल्या तर डेटाबेस गोंधळेल. (डेटाबेस बनवायचा आहे.)

२५ जानेवारी
टेस्टिंग. बॉट माझ्याच नंबरवर बसवलाय. ऑफिसच्या फोनवरून स्वतःलाच मेसेज पाठवले. शंभर टक्के यश. बॉटवर संस्कारही केलेत. कोणी 'हाय' म्हटलं की तो म्हणतो, 'हाय! आपण कसे आहात?' आधी फक्त सुरुवातीचं हाय ओळखायचा. मी सुधारणा सुचवली. आता मेसेजमध्ये कुठेही हाय असलं तरी ओळखतो. माणूस मध्येच हाय म्हणू शकतो. काही कळलं नाहीच, तर क्षमस्व म्हणून 'मोठे की मध्यम?' एवढंच विचारतो. पुढचा माणूस मुद्द्यावर येतो.

१ फेब्रुवारी
आयडा बोंबील घेऊन आली, तेव्हा दारातच लाँचिंग उरकलं. यापुढे फोन नाही, मेसेजला उत्तर लिहायचं, असं नीट समजावलं. ती म्हणाली, "लिवायचं कशाला दादा? फोन हाय ना." बदलाला सुरुवातीला विरोध होतोच.

५ फेब्रुवारी
बॉटने आयडाला विचारलं, 'रविवारी पापलेट आहे का?' लगेच उत्तर आलं. मग पुन्हा आलं. स्क्रीनवर हिरवा ठिपका: 'संवाद सुरू'. मेसेज उघडून वाचले नाहीत. आपणच वाचायचे, तर बॉट कशाला बनवला?

७ फेब्रुवारी
स्वातीने आजही विचारलं, आयडा नक्की येणार ना? तिला ठिपका दाखवला. संवाद अजून सुरूच आहे. तिने हिरवं वाटण करून ठेवलं. घरभर वास सुटलाय. सॉफ्टवेअरमुळे घरात शांतता नांदते, यावर एखादा लेख लिहायला हवा.

८ फेब्रुवारी, सकाळ
टोपली नाही. संवाद उघडला.

आयडा: हाय.
बॉट: हाय! आपण कसे आहात?
आयडा: बरी हाय. किती देऊ?
बॉट: हाय! आपण कसे आहात?
आयडा: दादा, पापलेट हाय. पायजे का न्हाय?
बॉट: हाय! आपण कसे आहात?
आयडा: दादाला बरं न्हाय काय?
बॉट: हाय! आपण कसे आहात?

यानंतर आयडाने काहीच लिहिलेलं नाही.
उत्तनला 'आहे'ला 'हाय' म्हणतात, असं स्वातीने सांगितलं. इतकी वर्षं आपण तिच्याकडून मासे घेतोय, असंही सांगितलं. मी तिच्या लक्षात आणून दिलं, की 'न्हाय'मध्येसुद्धा 'हाय' येतं, हा दोष लिपीचा आहे. तिने वाटणाचं भांडं माझ्यासमोर आणून ठेवलं.
मग तिने आयडाला फोन लावला. पापलेट दुसरीकडे गेलं होतं. माझं डोकं बिघडलं असं समजून आयडाने माझ्यासाठी चर्चमध्ये मेणबत्ती लावली होती.

दुपार
हिरवं वाटण बटाट्यांत भरलं. दिव्या म्हणाली, छान झालंय मामी, आणि पानातून वर बघितलंच नाही. मी पाण्याचा तांब्या पुढे ओढला. बटाटा जरा कोरडा होता.

संध्याकाळ
दिव्याचा मेसेज आला. मी उघडेपर्यंत बॉटने संवाद सुरू केला होता.

दिव्या: हाय मामा, पोचले.
बॉट: हाय! आपण कसे आहात?
दिव्या: रडू येतंय.
बॉट: क्षमस्व, समजलं नाही. मोठे की मध्यम?
दिव्या: मोठे.
बॉट: ऑर्डर पक्की. धन्यवाद!

सिस्टीमची पहिली यशस्वी ऑर्डर. स्वातीला नेऊन दाखवली. तिने वाचलं, पदराने डोळे पुसले आणि विचारलं, हे बंद कुठून होतं? मला ठाऊक नाही. एआयला विचारावं लागेल.
तिने तिच्या फोनवरून पुन्हा आयडाला लावला. आधी गुडघे, मग ट्रिशाची परीक्षा, मग माझी तब्येत. माझ्या तब्येतीवर बराच वेळ गेला. सगळ्यात शेवटी तिने विचारलं, "बुधवारी दिव्याला परत बोलावते. पापलेट हाय का?"
हाय म्हणे.
मी गिझर बघायला गेलो.