कालवड मीच चढवली

गुरुवार, संध्याकाळ

कालवड गेली. तीनदा वळूकडून भरवूनही गाभण राहिली नाही, म्हणून आमच्या ह्यांनी आज लोणंदच्या बाजाराला पाठवली. टेम्पोत काही केल्या चढेना. ड्रायव्हरनं काठी उगारली तेव्हा हे मला म्हणाले, "आगं, तुज्या मागं येती ती. तूच चढीव."

मी गुळाचा खडा घेऊन वर चढले. आली मुकाट. गूळ मीच दाखवला ना? मग आता रडतेस कशाला?

वर्षभर मी रोज गूळ भरवून तिच्या कासेला हात लावायचे, पुढं व्यायल्यावर नीट धार काढू द्यावी म्हणून. टेम्पोतही तिनं गूळ खाल्ला आणि शिकवल्याप्रमाणे मागचा पाय मागं घेऊन उभी राहिली. माझ्या हाताची वाट बघत.

मी हात न लावताच उतरले.