शेवट न पटलेली कादंबरी

सोमवार
वाचनालयात रुजू झाले! वरच्या मजल्यावर राहायला खोलीसुद्धा मिळाली. आईला फोन केला. वाचायचे पैसे देतात हे तिला खरंच वाटेना. म्हणाली, मग जरा हळू वाच, पुस्तकं संपली तर काढून टाकतील. बाबांनी म्हणे अख्ख्या गल्लीला सांगितलं. आमच्या घरात शिकलेली मी पहिलीच.
ग्रंथपालबाईंनी इथली रीत समजावली. आपण वाचलेल्या पुस्तकावर शिफारशीची चिठ्ठी लावायची, खाली सही करायची. वाचक पुस्तक परत करताना सही करणाऱ्याशीच बोलतो. खोटी स्तुती चालत नाही.

बुधवार
पहिली शिफारस लावली. कधीच न सुटलेल्या एका जुन्या, खऱ्या खुनावरची रहस्यकादंबरी. कपडे शिवणारी एक तरुणी भाड्याच्या खोलीत मेलेली सापडली. लेखकाने घरमालकाला दोषी ठरवलंय. मी लिहिलं, 'हातातून खाली ठेववत नाही, जरूर वाचा. शेवट मात्र पटला नाही. घरमालकाला ती घाबरायची, मग त्याला दार उघडेल कशी? कुणीही विश्वास ठेवील असाच माणूस आला असणार.'
तीनदा खोडलं. लेखकाला नावं ठेवणारी मी कोण? पण न पटलेलं पटलं कसं लिहू?

शनिवार
पुस्तक परत आलं. पांढऱ्या केसांचे, कडक इस्त्रीच्या शर्टातले गृहस्थ. बाई त्यांना 'साहेब' म्हणतात. म्हणाले, झकास शिफारस केलीस पोरी, चिठ्ठी तर पुस्तकाहून सरस. लेखकाचं एक चुकलंय. ती ओरडली नव्हती. आधी पाणी पिऊ का, एवढंच तिने विचारलं.
मग हसून म्हणाले, तू वरच राहतेस ना?
मी हो म्हटलं. का म्हटलं?

सोमवार
साहेबांचं ते वाक्य डोक्यातून जात नाही. बाईंना विचारलं. साहेब निवृत्त पोलीस अधिकारी, तो तपास त्यांचाच होता. बाई म्हणाल्या, अगं, तपासात कळलं असेल, वाचून वाचून डोकं फिरलंय तुझं.
पण खोलीत ती आणि मारणारा, दोघंच होते. मेलेल्या मुलीने सांगितलं कुणाला?

मंगळवार
चौकीत गेले. हवालदार पोट धरून हसला. म्हणाला, ताई, साहेब म्हणजे देवमाणूस, मला नोकरीला चिकटवलं त्यांनीच. थांबा, त्यांच्याशीच बोला, शंका फिटेल. मी नको नको म्हणेपर्यंत त्याने फोन लावला. माझं सगळं सांगितलं —

बुधवार
बाबांना फोन केला, घरी येते म्हटलं.  ते म्हणाले, पहिलीच नोकरी, महिनाभर तरी काढ, लोकांना काय सांगू?
आई मागून काहीतरी म्हणत होती. ऐकू आलं नाही.

गुरुवार, संध्याकाळ
नाही राहणार. बॅग भरली. खाली उतरणार तेवढ्यात बाई आल्या. त्यांना लवकर जायचंय. मी म्हटलं, मीही निघते. त्यांनी गालावरून हात फिरवला. म्हणाल्या, वेडाबाई, घाबरतेस म्हणून तर साहेबांनाच सोबतीला बोलावलंय. तुझ्या खोलीची जादा किल्लीही दिलीय त्यांच्याकडे —

बाई गेल्या. मी बॅग उचलेपर्यंत खालचं दार लागलं. आतून.

जिन्यावर — सावकाश — मध्येच थांबतात, दम लागतो त्यांना —

पोरी, म्हणून हाक मारताहेत. किती मायेने —

किल्ली फिरते आहे. बाबा, मी खरंच निघाले होते, मी