मामांच्या कोटाचे काय झाले

बसवनगुडी, बेंगळुरू
११ ऑक्टोबर १९६२

तीर्थस्वरूप हंबीररावमामांच्या पायांशी रघुजीचा साष्टांग नमस्कार. इकडे माणसे खुशाल आहेत, घराला मात्र अजून छप्पर नाही. तुमचा गुडघा कसा आहे? सूनबाईने पाठवलेले तेल चोळता, की बाटली कपाटात ठेवून गुडघ्यालाच रागावता?

वैशाखात तुम्ही आमच्या जयनगरच्या प्लॉटवर आलात, दार दक्षिणेला का म्हणून आपली जुंपली, आणि 'या घरात मी पाऊल टाकणार नाही' असे सांगून तुम्ही तडक हुबळीची गाडी पकडलीत. रागाच्या भरात काळा कोट आणि जरीचा फेटा आमच्या खुंटीवर राहिला. तो परत धाडण्याबद्दल तुमची तीन कार्डे आली (मजकूर तिन्हींत एकच, आशीर्वाद एकातही नाही). त्या कोटाचे काय झाले ते आता सांगतो. कृपया बसून वाचा.

बांधकाम चाललेल्या घरावर दृष्टीचा बाहुला टांगल्याशिवाय इकडे कोणी स्लॅब टाकत नाही, हे तुम्ही जाणताच. आमचा मेस्त्री कल्लाप्पा तर सिमेंट स्वल्प कमी पडले तरी चालवून घेईल, बाहुल्यावाचून घमेले उचलणार नाही. तेव्हा सूनबाईने घरीच बाहुला केला. अंगात भाताचा पेंढा, डोक्याला मडके, मिशांना नारळाच्या शेंड्या. कपडे शोधताना (इथे मी डोळे मिटून लिहितो आहे) तुमचा कोट आणि फेटा हाती लागला. मडक्यावर तिने डोळे काढले ते कोणाला डोळ्यांसमोर ठेवून, हे ती सांगत नाही. पण तो बाहुला पाहताच आमच्या सासूबाई तानूबाईंनी डोक्यावरून पदर घेतला आणि मुले पाढे म्हणू लागली.

रविवारी खंडेनवमी. वरच्या मजल्यावरच्या हयवदन अण्णांनी आपली मोटार पुजली, केळीचे खुंट बांधले, झेंडूच्या माळा घातल्या आणि उदार मनाने दोन दिवस आम्हाला दिली. बाहुला घेऊन प्लॉटवर निघालो तर साडेचारला राहुकाळ लागलेला. सहापर्यंत त्याला उभा करायचा नाही, अशी कल्लाप्पाची ताकीद. मग तेवढा वेळ सारक्कीच्या तळ्याकाठी हिंडून येऊ, असे ठरले. मागे सूनबाई, सासूबाई आणि तीन मुले कोंबलेली, त्यामुळे बाहुला पुढे माझ्या शेजारी बसला. तळ्याच्या बांधाखाली एक म्हैस आडवी आली, तिला मान देण्यासाठी मी बाजूला झालो आणि मोटार चिखलात बसली.

गावकरी धावले. झेंडूने मढलेली मोटार, आत जरीचा फेटा बांधून तळ्याकडे रोखून पाहणारा मिशाळ माणूस. मी चिखलात उभा राहून ढकलतो आहे आणि ते बसून आहेत, एवढ्यावरून त्यांनी साहेब कोण ते ठरवले. बांधाच्या पाहणीला हुजूर आले, असे समजून अर्जच वाचून दाखवला. चोर रोज तूब (तळ्याचे पाणी सोडायची मोरी) फोडून पाणी पळवतात, वगैरे. साहेब गप्प. एक म्हातारा गहिवरून शेजाऱ्याला म्हणाला की आजवर जो आला तो 'पाहतो, करतो' म्हणून गेला, खोटे न बोलणारे हे पहिलेच. मी तोंड उघडले की चौघे मला दटावायचे, साहेबांपुढे बोलू नको. शेवटी पटेल आप्पाजींनी शहाळे आणून अदबीने साहेबांच्या हातात दिले, आणि हात निघून पटेलांकडे आला.

पटेलांनी तो हात पुन्हा नीट बाहीत खोचला, मला बाजूला नेले आणि कानडीत म्हणाले (मी मराठी करून लिहितो), "साहेब पेंढ्याचे आहेत, ते कळलं. पण असं बघणारा माणूस आमच्या तळ्याला आजवर मिळाला नाही. ठेवून जा, आम्ही मोटार काढून देतो."

मोटार दुसऱ्याची, चिखल चाकाच्या वर. मी सरी, म्हणजे बरं, म्हटले. चौदा जणांनी ती अल्लाद उचलली.

मंगळवारी कोट मागायला गेलो. तुम्ही तुबाजवळ स्टुलावर बसलेले, डोक्यावर छत्री. दोन दिवसांत पाण्याचा थेंब चोरीला गेला नाही. खिशात सात नवे अर्ज आणि एक लग्नाची पत्रिका. कोट परत द्या म्हटले तर पटेल म्हणाले, आधी बदलीचा हुकूम आणा. मामा, फौजदारीतून तुम्ही निवृत्त झालात, कोट झाला नाही.

कळावे. क्षमा असावी.

आपला भाचा,
रघुजी

ता. क. मुख्य गोष्ट राहिली. कल्लाप्पा आता दुसऱ्या चेहऱ्याला तयार नाही, म्हणून स्लॅब अडला आहे. तरी तुम्ही स्वतः येऊन अर्धा दिवस भिंतीवर बसावे. स्टूल, छत्री आणि दर तासाला कॉफीची व्यवस्था आहे. दाराकडे तुमची पाठ राहील.

ता. क. दुसरा. सूनबाईने वरचे वाचले आणि खरे लिहा म्हणाली. कल्लाप्पाने कालच दुसरा बाहुला उभा केला. त्याचा चेहरा कोणासारखाच नाही आणि कल्लाप्पाची काही तक्रार नाही. सळ्या बांधून तयार आहेत. स्लॅब मी थांबवला आहे. आईबाप गेल्यावर मला छप्पर तुम्ही दिलेत. माझ्या छपराचे पहिले घमेले मी दुसऱ्या कोणाच्या हातून पडू देणार नाही. तुमच्यावाचून मला करमत नाही, मामा. रागातच या, पण या.