कवितासंग्रह, हाताने शिवलेला

३ जुलै
विद्यापीठाच्या ‘कवितालेखन आणि लघुप्रकाशन’ कोर्सला प्रवेश मिळाला. वर्ग संध्याकाळचे, त्यामुळे पाणीपुरवठा ऑफिसातली नोकरी तूर्त सोडत नाही. बायकोला म्हटलं, वर्षअखेर माझा संग्रह. ती म्हणाली, आधी गॅसवाल्याला फोन. केला.

७ जुलै
वर्गात अकरा जण. वयानं आणि तयारीनं मीच मोठा. शेजारी एक नर्स बसते. आयुष्यात पहिल्यांदाच लिहितेय म्हणे. मार्गदर्शन करीन, म्हटलं.

२१ जुलै
माझी बेचाळीस ओळींची ‘विश्वात्म्यास’ वाचली. शिकवणाऱ्या बाईंनी पेन्सिल घेतली आणि चाळीस ओळी खोडल्या. म्हणजे दोन ओळींना त्यांनाही हात लावता आला नाही!

२२ जुलै, सकाळी
नीट पाहिलं. दोनांतली एक ओळ शीर्षक आहे.

१८ ऑगस्ट
नर्सनं कविता वाचली. पेशंट घरी गेल्यावर रिकाम्या पलंगाची चादर बदलण्याबद्दल. सात ओळी. यमक नाही, उपमा नाही. वर्गानं ती पुन्हा एकदा वाचायला लावली. बिचारीला वाईट वाटू नये म्हणून मी म्हटलं, प्रयत्न सोडू नका. वर्गानं माझ्याकडे वळून पाहिलं. आदरानं, बहुधा.

२ सप्टेंबर
लघुप्रकाशन सुरू. वर्गानं मिळून एकाच कवीचं पुस्तक काढायचं. साठ प्रती, हाताने शिवलेल्या. कवी कोण, ते गुप्त मतदानानं. मनोगत लिहायला घेतलं. चौदा पानं झाली.

९ सप्टेंबर
नर्सला दहा मतं, मला एक. वर्गात एक तरी जाणकार आहे.
(मतदान मीही केलं होतं. पण तो तपशील.)

१५ सप्टेंबर
बाईंनी मला शिलाईवर बसवलं. सुई, टोचा, मेण लावलेला दोरा. निषेध म्हणून पहिली प्रत मुद्दाम वाकडी शिवायची ठरवलं. जमलं नाही. सरळ आली.

२९ सप्टेंबर
ऑफिसातून रजा. टाका घालायला पुस्तक मधोमध उघडावं लागतं, आणि मधोमध तीच चादर. म्हणजे साठ वेळा वाचायची. छळ आहे.

१ ऑक्टोबर
अठ्ठेचाळिसाव्या प्रतीला सुई हातात तशीच राहिली. बाईंनी विचारलं, दमलात का. हो म्हटलं. ‘विश्वात्म्यास’ दप्तरातून काढून घरी ठेवली. जागा व्हावी म्हणून.

१२ ऑक्टोबर, संध्याकाळी
प्रकाशन झालं. बाईंनी एक प्रत उलटी धरून जोरात हलवली. एकही पान निखळलं नाही. टाळ्या! त्या टाळ्या निव्वळ माझ्या. नर्सनं वाकून नमस्कार केला, मी संकोचलो, मग दुसऱ्यांदा करेल का म्हणून थांबलो.
परतताना बायको बसमध्ये वाचत बसली, आमचा स्टॉप गेला. चालत घरी. वाटेत तिनं विचारलं, ही बाई अजून काय लिहिते. मी म्हटलं, शेवटचं पान बघ. तिथे बारीक टायपात ‘शिलाई’ आणि पुढे माझं नाव. छापील.
दिव्याच्या खांबाखाली थांबून तिनं वाचलं. म्हणाली, आडनावात एक अक्षर कमी आहे.
प्रूफं मीच तपासली होती.